साडूला वाळवंट दाखवतो

४ नोव्हेंबर

देव आहे. इतके दिवस शंका होती, आज फिटली.

काल सासरच्या मंडळींचा व्हिडिओ कॉल झाला. डिसेंबरात सगळ्यांनी मिळून वाळवंट बघायला जायचं ठरलं. दोन रात्री, तंबूत मुक्काम. तिथे जाऊन काय काय करायचं याचं प्लॅनिंग कोण करणार, असा विषय निघाला आणि साडू जांभई देत म्हणाला की यांच्याकडे द्या, यांचा जन्म ट्रक भरण्यात गेलाय. (मी टायर कंपनीच्या गोदामात डिस्पॅच बघतो. ट्रक मी भरत नाही, भरून घेतो. फरक आहे.) सगळे हसले. मीही हसलो. मनात म्हटलं, हस बाबा, आत्ताच हसून घे.

बकरा स्वतः सुरी घेऊन दारात आला. मी नाही कशाला म्हणू?

५ नोव्हेंबर

सूडाचं कारण नीट लिहून ठेवतो. पुढे कधी दया आलीच तर वाचायला बरं.

मे महिन्यात आम्ही सगळे डोंगरावर गेलो होतो. उतरताना एके ठिकाणी वाट निसरडी होती. मी पूर्ण विचार करून खाली बसलो आणि बसल्या बसल्या पुढे सरकलो. याला शास्त्र आहे. जड माल नेहमी तळाशी ठेवतात. पण रात्री जेवायच्या टेबलावर साडूनं उशी उभी केली, तिच्यावरून मिठाची बाटली सोडली आणि माझ्या आवाजात 'अगं आई गं' करत सगळा प्रसंग वठवून दाखवला. वर सासूबाईंना नीट दिसलं नाही म्हणून पुन्हा दाखवला. साडूची पोरगी आठ वर्षांची आहे, जीभ अठ्ठावीसची. तिनं जागच्या जागी माझं नाव ठेवलं: घसरगुंडीकाका.

तेव्हापासून मला दुसरं नाव उरलेलं नाही. बायकोच्या फोनमध्ये मी त्याच नावानं आहे. खालच्या मजल्यावरच्या डेंटिस्टनं परवा लिफ्टमध्ये तेच म्हटलं आणि वर 'सॉरी, ओघात आलं' म्हणाला. उभ्या आयुष्याची कमाई एका मिठाच्या बाटलीखाली गेली.

निश्चय: वाळवंटातून परत येताना हे नाव तिथेच पुरून यायचं आणि साडूला नवीन नाव घेऊन पाठवायचं. नाव तयार आहे. 'उंटावरचा शहाणा'. फक्त त्याला उंटावर बसवून चारचौघांत रडवायचं बाकी आहे.

८ नोव्हेंबर

शत्रूचा अभ्यास पूर्ण.

साडू सकाळी लवकर उठत नाही. त्याला दर थोड्या वेळानं खायला लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो उंचीला घाबरतो. पुरावा: त्यांच्या घरचा बल्ब गेला की मोठी मेहुणी स्टुलावर चढते आणि हा खाली उभा राहून स्टूल धरतो. विचारलं तर म्हणतो, कमरेचा त्रास आहे. कमरेचा त्रास असलेला माणूस स्टूल बरा वाकून धरतो!

शिवाय त्यांच्या घरी प्रवासाच्या बॅगासुद्धा साडूच भरतो. पुरुषासारखा पुरुष आणि मोज्यांच्या घड्या घालतो. अशा माणसाला वाळवंटात धूळ चारणं मला जड नाही.

११ नोव्हेंबर

प्लॅन तयार. ऑफिसात बसूनच केला. डिस्पॅचचं तत्त्व वापरलं: जे सगळ्यात जड, ते सगळ्यात आधी चढवायचं.

पोचल्या पोचल्या, चहासुद्धा न घेता, उंटावरून रपेट. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच उठून वाळूची सगळ्यात उंच टेकडी चढायची आणि वरून सूर्योदय बघायचा. नंतर फळीवर उभं राहून त्याच टेकडीवरून घसरत खाली. दुपारी अनवाणी चाल. रात्री आकाशदर्शन, संपूर्ण मौन पाळून. (साडूला मौन म्हणजे जन्मठेप.)

शेजारच्या टेबलावरच्या अकाउंटंटला दाखवला. त्यानं विचारलं की ही सहल आहे की सैन्यभरती. मी नुसता हसलो. मग त्यानं विचारलं की हे सगळं तुम्हालाही करावं लागेल ना. हा मुद्दा विचारात घेतलेला आहे. उद्यापासून व्यायाम.

१२ नोव्हेंबर

व्यायाम उद्यापासून. आज बूट आणले. पायाला बुटांची सवय होऊ द्यावी असं दुकानदारच म्हणाला. म्हणून संध्याकाळी सोफ्यावर बसून बूट घातले.

१६ नोव्हेंबर

आजची चाल ऐतिहासिक आहे.

वाळवंटात दिवसा ऊन असलं तरी डिसेंबरात रात्री हाडं गोठवणारी थंडी पडते, असं वाचलं. ही माहिती फक्त मला आहे. सासरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'सूचना. वाळवंटात रात्रंदिवस उकाडा असतो. गरम कपडे आणू नयेत. सामान हलकं ठेवावं. आयोजक.'

साडू रात्री तंबूत कुडकुडतोय आणि दातांचा ताशा वाजतोय हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि एकट्यालाच हसू फुटलं. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं काय झालं. ऑफिसचा विनोद, म्हटलं.

ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले. साडूनं नाही. हबकलाय.

स्वतःसाठी जाड लोकरी जॅकेट आणलं. कपाटात जुन्या चादरींमागे लपवलंय.

२१ नोव्हेंबर

कॅम्पच्या मॅनेजरशी फोनवर बोललो. गोड माणूस, पण महत्त्वाकांक्षा शून्य. म्हणे, फॅमिली आहे, वयस्कर बाई आहेत, तर जीपमधून फिरा, संध्याकाळी खुर्च्या टाकून बसा. मी साफ नकार दिला. त्याला सांगितलं की पार्टीत एक खास माणूस आहे, त्याच्यासाठी तुमच्याकडचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात तापट उंट राखून ठेवा. त्यानं लिहून घेतलं. मग म्हणाला की समजलं सर, काळजी नको.

हुशार आहे. इशाऱ्यात समजतो.

२९ नोव्हेंबर

व्यायामाला सुरुवात. लिफ्ट सोडून जिन्यानं चढलो. तिसऱ्या मजल्यावर एका घराचं दार उघडं दिसलं, म्हटलं शेजारधर्म आहे, जरा बसून येऊ. त्यांनी पाणी दिलं, मग पंखा लावला, मग बायकोला फोन केला.

खेळाडू मोठ्या स्पर्धेआधी सराव कमी करतात असं ऐकलंय. शक्ती साठवून ठेवतात. मीही आजपासून साठवतो.

९ डिसेंबर

घात झाला.

बायको बॅगा भरायला बसली आणि चादरी काढताना जॅकेट हातात आलं. हे कुठलं, विचारलं. खरं सांगायची सोय नव्हती. ग्रुपवर 'गरम कपडे आणू नयेत' हे मीच लिहिलेलं, आणि बायको ग्रुपवरचा शब्द न् शब्द पाळते. घरातला पाळत नाही. गडबडीत तोंडातून गेलं की असंच, स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं. मग कुणाच्या उपयोगाला, म्हणाली. बिल्डिंगचा वॉचमन रात्री कुडकुडत असतो, त्याला देऊन टाकू या. मी म्हटलं, परत आल्यावर बघू. ती म्हणाली की चांगल्या कामाला उशीर कशाला, आणि चपला घालून गेलीसुद्धा.

संध्याकाळी गेटवर वॉचमन माझं जॅकेट घालून उभा होता. मला कडक सॅल्यूट ठोकला. मापाला अगदी बरोबर बसलंय. माझ्यापेक्षा बरं दिसतं.

असो. माणसाच्या मनात आग असली की थंडी वाजत नाही.

१२ डिसेंबर, दुपारी

पोचलो. चारी बाजूंना वाळू. रणभूमी म्हणून उत्तम.

साडू जीपमधून उतरला तो भल्यामोठ्या बॅगेसकट. मी आयोजकाच्या नात्यानं हटकलं की सामान हलकं ठेवायची सूचना होती. तो म्हणाला, कसली सूचना? मग समजलं. साडूनं आमचा ग्रुप दोन वर्षांपूर्वीच म्यूट केलाय. त्यात नुसती गुड मॉर्निंगची फुलं येतात, म्हणे. एकही मेसेज त्यानं वाचलेला नाही. अंगठा भीतीनं दाखवला नाही अशी माझी समजूत होती, ती जरा बदलावी लागेल. मेहुणीनंही सूचनेकडे लक्ष दिलं नव्हतं, कारण बॅगा हे तिचं खातं नाही.

म्हणजे माझी ऐतिहासिक चाल फक्त तीन माणसांनी पाळली. सासूबाई, माझी बायको आणि नाइलाजानं मी.

१२ डिसेंबर, संध्याकाळी

उंट झाले. सत्याची नोंद हवी.

सगळ्यांसाठी उंट बसवून ठेवले होते. शेवटचा उभाच होता आणि बाकीच्यांच्या डोक्यावरून बघत होता. मॅनेजर स्वतः पुढे आला, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला की सर, तुमच्यासाठी खास राखून ठेवलाय. मी त्याला बाजूला घेऊन सांगायचा प्रयत्न केला की खास माणूस मी नव्हे. त्याला तो माझा विनय वाटला.

उंट आधी मागच्या पायांवर उठतो, ही गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी. मी त्याच्या मानेवर आडवा पडून जग उलटं बघितलं. नंतरचं फारसं बघितलं नाही, कारण डोळे मिटले होते. सासूबाई मात्र राणीसारख्या बसल्या होत्या. उंटावरून शेळ्या हाकणं नुसतं ऐकलं होतं, आज हाकून बघावंसं वाटतंय, म्हणाल्या. साडूला सगळ्यात बुटका, म्हातारा उंट मिळाला होता. साडूचे पाय जवळजवळ जमिनीला लागत होते. तो गाणी म्हणत होता.

परत आल्यावर माझा उंट बसेना. बाकीच्यांचा चहा होईपर्यंत मी वरच होतो. साडूची पोरगी खालून म्हणाली की घसरगुंडीकाका, घसरत या ना.

उद्या. उद्या टेकडी आहे.

१३ डिसेंबर, पहाटे

झोप नाही. वाचलं होतं ते सगळं खरं निघालं.

काल जेवताना थंडी पडायला लागली तेव्हा सासूबाईंचे ओठ निळे झाले. तेवढ्यापुरतं मला फार वाईट वाटलं. मग साडू उठला आणि ती बॅग उघडली. कुणी ना कुणी विसरतंच म्हणून तो नेहमी दुप्पट भरतो, म्हणे. सासूबाईंना शाल आणि ब्लँकेट, माझ्या बायकोला स्वेटर. माझ्यापर्यंत येईतो बॅग आटली. मला मोजे मिळाले. घडी घातलेले. एक जोड पायात घातला, दुसरा हातात.

बायकोनं त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तसं माझ्याकडे टीव्ही दुरुस्त केला तेव्हाही बघितलं नव्हतं. नंतर तंबूत मला विचारलं की उकाड्याची माहिती तुम्हाला दिली कुणी. मी झोपेचं सोंग घेतलं. दात वाजत असताना ते जमत नाही.

थोड्या वेळात टेकडी. सगळ्यांना उठवायला निघतो. आता माघार नाही.

१३ डिसेंबर, सकाळी

विजय! विजय! विजय!

सविस्तर लिहितो. पहाटे सगळ्या तंबूंवर जाऊन हाका मारल्या. सासूबाई म्हणाल्या की सूर्य काय घरीही उगवतो. मेहुणीनं उत्तरच दिलं नाही. बायकोनं दिलं, ते लिहीत नाही. आणि साडू? साडू बाहेर आयता उभा. नव्या जागी त्याला झोप लागत नाही. म्हणाला, चला साडूराव, आपण दोघंच जाऊ.

टेकडी भयंकर. एक पाऊल पुढे टाकलं की वाळू अर्धं मागे ओढते. मी मध्येमध्ये निसर्ग बघायला थांबत होतो. साडूला घाम फुटला. त्यानं जॅकेट काढून मला दिलं, म्हणाला की तुम्हीच घाला, तुम्ही काकडलाय. शत्रूचं जॅकेट. घातलं. ऊब चांगली होती.

माथ्यावर पोचलो. टेकडीची दुसरी बाजू सरळ खाली तुटलेली. साडूनं एकदाच खाली बघितलं आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. मटकन बसला. दोन्ही हातांनी वाळू घट्ट धरायला लागला. वाळू ती, धरल्यानं राहते होय? सूर्य उगवला, त्यानं बघितलासुद्धा नाही. माझा बल्बाचा अंदाज तंतोतंत खरा. हा क्षण मी मे महिन्यापासून मनात घोळवत होतो.

मग तो हळूच म्हणाला, "साडूराव, मला खाली न्या. आणि कुणाला बोलू नका."

मी वचन दिलं. वाळूवर दिलेलं वचन, त्याचं कितीसं वजन!

उभं राहून उतरणं त्याला शक्य नव्हतं. शेवटी मी पुढे बसलो, तो माझ्यामागे बसला, माझ्या कमरेला मिठी मारून डोळे मिटले आणि आम्ही सरकत सरकत खाली आलो. मी सांगत होतो, झालं, आता थोडंच राहिलं, मी आहे ना. एकदा त्याचा हात सुटला तर मीच पकडून परत कमरेवर ठेवला. तेव्हा घाईत होतो, सूडाचं लक्षात नव्हतं.

आता लक्षात आहे. नाश्त्याला सगळे जमले की सांगतो. उशी नाही, पण लोड आहे. मिठाची बाटली टेबलावर आहेच.

१३ डिसेंबर, दुपारी

अनवाणी चाल रद्द केली.

सांगितलं. अगदी रंगवून सांगितलं. लोड उभा केला, बाटली सोडली, 'साडूराव, मला खाली न्या' हे त्याच्या आवाजात म्हणून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. मला वाटलं, जिंकलो. मग मेहुणी डोळे पुसत म्हणाली की नावं तेवढी उलटी केलीत हो. सासूबाई म्हणाल्या, जावई, तुमच्या पँटला मागून वाळू लागलीय, त्यांच्या नाही. (तो माझ्या मागे बसला होता. त्याच्या वाट्याला माझी रुंद पाठ आली आणि माझ्या वाट्याला वाळू. शिवाय त्यानं येताच पँट बदलली, कारण त्यानं जास्तीची आणली होती.) बायकोनं विचारलं की मग त्यांचं जॅकेट तुमच्या अंगात कसं. पोरगी म्हणाली की मी तंबूतून बघितलं ना, काका पुढे घसरत होते आणि बाबांनी त्यांना मागून धरलं होतं.

मी साडूकडे बघितलं. म्हटलं, आता तुम्हीच सांगा.

साडू चहाचा कप खाली ठेवून, एक अक्षर इकडचं तिकडे न करता म्हणाला, "हे सांगतायत ते खरं आहे. घाबरलो मी होतो. यांनी मला सांभाळून खाली आणलं."

मग सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, याला म्हणतात मोठं मन. समोरच्याची लाज राखायला स्वतःवर घेतलं माझ्या जावयानं. मेहुणीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बायको माझ्याकडे वळली.

"बघा," म्हणाली. "शिका जरा."

साडू नंतर मला पाण्याच्या टाकीपाशी भेटला. मी तोंड फिरवलं. तो म्हणाला की मी खरं तेच सांगितलं, साडूराव, आणखी काय करू. वचन मोडल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हा माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो याची मला कल्पना नव्हती.

आकाशदर्शन झालं तर बघू. मौन मी आत्तापासूनच पाळतोय.

१४ डिसेंबर

परतीचा प्रवास. फळीवरून घसरणं मी आयोजक म्हणून रद्द केलं होतं, पण मॅनेजर म्हणाला की पैसे भरलेत. सासूबाईंनी केलं. दोनदा.

सगळे म्हणाले की इतकी छान सहल कधी झाली नव्हती. प्लॅनिंगबद्दल साडूनं टाळ्या वाजवल्या.

१७ डिसेंबर

सर्दी. ऑफिसात गेलो नाही. अकाउंटंटचा फोन आला, भरती झाली का विचारत होता.

पडल्या पडल्या नवा विचार सुचलाय. पुढची सहल समुद्रावर काढायची. साडूला पोहता येत नसावं असा माझा कयास आहे. मला येत नाही, पण अजून वेळ आहे. उद्यापासून शिकतो.

१८ डिसेंबर

संध्याकाळी फोन वाजला. साडूची पोरगी. घसरगुंडीकाका आहेत का, म्हणाली. बोलतोय, म्हटलं.

शाळेत निबंध लिहायचाय. विषय: मी पाहिलेला शूर माणूस. ती बाबांवर लिहितेय. पण बाबा काहीच सांगत नाहीत, म्हणतात काकांनाच विचार, तेव्हा तेच शूर होते. बाबा कसे आहेत ते तुम्हाला माहीतच आहे, म्हणाली. म्हणून आता तुम्हीच सांगा, बाबांनी तुम्हाला टेकडीवरून खाली कसं आणलं.

मी तिला दोनदा खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली की काका, उद्या द्यायचाय.

बायको समोर उभी होती. मग सांगितलं. वारा कसा होता, वाळू कशी सरकत होती, त्यांनी मागून कसं धरून ठेवलं. ती लिहून घेत होती, मध्येच थांबा म्हणत होती. शेवटी तिनं वाचून दाखवलं. ठीक होतं. फक्त एके ठिकाणी 'छोटी टेकडी' असं लिहिलं होतं.

ते तेवढं खोडायला लावलं. म्हटलं, खूप उंच होती असं लिही.